गावच्या वाचनालयाचा इतिहास कसा लिहावा: बेळगाव सीमाभागातल्या कार्यकर्त्यांसाठी

वाचनालयाचा अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की कार्यकारी मंडळाची बैठक होते, स्मरणिका काढायचे ठरते आणि 'इतिहासाचा लेख' एखाद्या निवृत्त गुरुजींच्या गळ्यात पडतो. मुदत तीन महिने. मग मागच्या स्मरणिकेतली पाच पाने जशीच्या तशी उतरतात, अध्यक्षांची यादी पुढे वाढते आणि राहिलेली जागा शुभेच्छांच्या जाहिराती भरून काढतात. मागच्या स्मरणिकेत साल चुकलेले असेल तर तेही बिनबोभाट पुढच्या पिढीकडे जाते. नीट काम करायचे तर एक वर्ष हाताशी धरा, दोन-तीन माणसे पक्की करा आणि खाली दिलेल्या क्रमाने जा.

आधी सरकार कोणाचे, ते लिहून काढा

सीमाभागातल्या वाचनालयाचे कागद एका जागी सापडत नाहीत, कारण गाव जिथल्या तिथे राहिले आणि वरचे सरकार बदलत गेले. कपाट उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर आपल्या गावाची कुंडली मांडा: कोणत्या तारखेपासून कोणाचा अंमल, दप्तराची भाषा कोणती, कायदा कोणता.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाक हा मुलूख इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात होता. स्वातंत्र्यानंतर तो मुंबई राज्यात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला आणि १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. इथवर सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती संस्थानी गावांत. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग आहे, खडे बाजारातून चालत जाता येते. पण संस्थानी काळात ते सांगलीकर पटवर्धनांचे. तिथल्या एखाद्या वाचनालयाने १९२५ साली जागेसाठी अर्ज केला असेल तर तो बेळगावच्या कलेक्टरकडे नव्हे, सांगली दरबारकडे गेला असणार. कलेक्टर कचेरीच्या दप्तरात तो कितीही शोधला तरी मिळायचा नाही. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते. रामदुर्ग आणि जमखंडी ही स्वतंत्र संस्थाने. दक्षिण महाराष्ट्रातली ही लहान संस्थाने ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला.

कारवार-हल्याळकडचा भाग १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, त्यानंतर मुंबईत आला. बिदर, भालकी, बसवकल्याण निजामाच्या राज्यात. तिथले सरकारी कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या दप्तरातले महसुली साल. हैदराबादचे संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात संपले, पण हैदराबाद राज्य १९५६ पर्यंत होते.

सालांचे गणितही याच कागदावर लिहून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८१२ ची विजयादशमी १८९० मध्ये, पण त्याच शकातला माघ १८९१ मध्ये. फसली सालात ५९० मिळवा. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. जुन्या स्मरणिकांतले एका वर्षाचे घोळ बरेचदा इथूनच निघतात: एकाने ७८ मिळवले, दुसऱ्याने ७९, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम.

कपाट उघडताना

काम पावसाळ्यात सुरू करू नका. खानापूर-बेळगावकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत ओलसर कागद एकमेकांना चिकटलेले असतात, पान सोडवायला गेलात की शाई दुसऱ्या पानावर येते. दिवाळी आटोपल्यावर सुरू करून शिमग्यापर्यंत कपाटाचे काम संपवा.

साहित्य फार लागत नाही: एक इंच रुंदीचा मऊ ब्रश, तोंडाला मास्क, सुती कापड, पेन्सिल, पांढरी नाडी, साधे ब्राउन कागदाचे पाकीट. चिकटपट्टी अजिबात नको. पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते, कडक होते आणि निघताना अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढता येत नाही. रबरबँड वितळून कागदात मुरतो, गंजलेली टाचणी भोक पाडते, म्हणून दोन्ही काढून नाडी बांधा. कसर लागलेल्या वह्या वेगळ्या पाकिटात घालून बाकीच्यांपासून दूर ठेवा. वाळवीची माती दिसली तर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, खालचा खण रिकामा करा आणि मगच पुढचे बघा. औषधाचा फवारा थेट वहीवर मारू नका.

वह्या उघडण्याआधी त्या ज्या क्रमाने ठेवलेल्या आहेत त्याचा फोटो घ्या. एखाद्या जुन्या चिटणिसाने लावलेला तो क्रम पुढे काही सांगून जाण्याची शक्यता असते, आणि विस्कटला की गेला.

काय काय शोधायचे ते असे: ठरावांची वही (जुने लोक तिला 'प्रोसिडिंग बुक' म्हणतात), ग्रंथ दाखल नोंदवही, सभासद व अनामत रजिस्टर, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खातेवार हिशेबाची वही), देवघेव नोंदी, अभिप्राय वही, जडसंग्रह नोंदवही (टेबल, कपाटे अशा वस्तूंची), रद्द पुस्तकांची यादी, पत्रव्यवहाराच्या फायली, छापील वार्षिक अहवाल. सगळे मिळत नाही. ठरावांची वही बहुधा असते, कारण तिला मान असतो. रोजकीर्द रद्दीत गेलेली असते, कारण हिशेब तपासून झाले की तिचे काम संपले असे वाटते. ती वाचली असेल तर नशीब समजा.

फोटो घेताना वही खिडकीशी ठेवा, उजेड डावीकडून येऊ द्या, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर. आधी मुखपृष्ठ, मग पाने क्रमाने, कोरी पानेसुद्धा. कोरे पान वगळले तर पुढे कोणी म्हणेल मधले पान फाडले. दोनशे पानांच्या वहीला दोन माणसांना दीड-दोन तास लागतात. फाइलचे नाव त्याच दिवशी द्या: 'ठराव-०१-पान-०४५' असे. 'उद्या देऊ' म्हटले की हजार फोटो बिननावाचे राहतात. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी मोडीत असल्या तर घाबरू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराच्या आसपास वाचून देणारी माणसे भेटतात. एवढे लक्षात ठेवा की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तेव्हा नावाच्या शुद्धलेखनावरून 'ही दोन माणसे वेगळी' असा निष्कर्ष काढू नका. १९६० नंतरची सरकारी पत्रे कन्नडमध्ये असतील. तिथे अडण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडची दप्तरी कन्नड ओळखीचीच आहे: ठराव तिथेही 'ठरावु' असतो आणि उताऱ्याला 'उतार' म्हणतात. तरी पत्राचा अर्थ अंदाजाने लावू नये. कन्नड शाळेतल्या एखाद्या सरांना किंवा बाईंना शेजारी बसवून वाचून घ्यावे.

स्थापनेचे साल

'स्थापना १८८२' अशी पाटी दारावर आहे म्हणून काम झाले असे नाही. एका वाचनालयाला निदान पाच जन्मतारखा असतात: चार लोकांनी वर्तमानपत्र एकत्र घ्यायला सुरुवात केली ती, पहिली सभा झाली ती, नियम छापले ती, संस्था सरकारदरबारी नोंदली ती, आणि इमारतीची कोनशिला बसली ती. पाटीवर यातली कुठली तारीख आहे ते आधी शोधा. बहुतेक वेळा ती कोनशिलेवरून किंवा जुन्या महोत्सवाच्या फलकावरून आलेली असते.

बेळगाव शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. पुण्याचे नेटिव जनरल लायब्ररी म्हणून सुरू झालेले वाचनालय त्याच वर्षीचे, कोल्हापूरचे १८५० चे, रत्नागिरीचे तर १८२८ चे. जिल्ह्याच्या गावी इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले एतद्देशीय मिळून 'नेटिव लायब्ररी' काढत, ही पहिली लाट. तालुक्याची आणि बाजारपेठेची वाचनालये बरीच नंतरची. ती टिळकांच्या काळातल्या उत्साहातून, शाळांतून, व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून उभी राहिली. आपले वाचनालय कुठल्या लाटेतले आहे हे ठरले की कोणते कागद शोधायचे तेही ठरते. पहिल्या लाटेतल्यांचा उल्लेख शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांत आणि १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाखा गॅझेटिअरच्या बेळगावच्या २१ व्या खंडात शोधावा. हा खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतो. नंतरच्यांसाठी वर्तमानपत्रे आणि नगरपालिकेचे ठराव अधिक कामाचे.

तारखा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जबरदस्तीने जुळवू नका. 'पहिली सभा अमुक साली, नोंदणी तमुक साली' असे सरळ लिहा. महोत्सव कुठल्या वर्षी करायचा हा मंडळाचा प्रश्न आहे, इतिहास लिहिणाऱ्याचा नव्हे.

दाखल नोंदवही: खरा ऐवज इथे आहे

अध्यक्ष कोण होते हे फोटोंच्या रांगेवरून कळते. गाव काय वाचत होते हे कळायचे तर दाखल नोंदवहीला पर्याय नाही. तिच्यात दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, कोणाकडून आले आणि शेवटी 'शेरा' असे रकाने असतात. बारा हजार नोंदी पहिल्यापासून उतरवायला बसलात तर दोन महिन्यांत कंटाळाल. नमुना घ्या. १ ते २० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ७ आला. मग ७, २७, ४७ अशी दर विसावी नोंद घ्या. सहाशे नोंदी होतात. तासाला साठ उतरवल्या तर दहा तासांचे काम, दोन रविवार. प्रत्येक नोंदीच्या पाचच गोष्टी लिहा: साल, भाषा, विषय, किंमत, विकत की देणगी.

मग दर दहा वर्षांची बेरीज करा. मराठी किती, कन्नड किती, इंग्रजी, संस्कृत, हिंदी किती. कादंबऱ्या कधी वाढल्या, धार्मिक पुस्तके कधी घटली, १९५६ नंतर कन्नड पुस्तकांचा ओघ बदलला का. इथे एक सांगितले पाहिजे. 'आमचे वाचनालय पहिल्यापासून निव्वळ मराठी' हे वाक्य सीमाभागातल्या स्मरणिकांत सर्रास असते. नोंदवही काय म्हणते ते आधी पाहा. जुन्या यादीत कन्नड पुस्तके निघाली तर ती लपवू नका, आणि नसतील तर ओढूनताणून आणू नका. आकडे जसे आहेत तसे छापा.

नमुन्यात घोटाळा कुठे होतो? देणगीत. एखाद्या वकिलाचा सगळा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर आला की एकाच दिवशी चारशे नोंदी पडतात, आणि त्या दशकात गाव अचानक कायद्याची पुस्तके वाचू लागल्यासारखे दिसते. म्हणून विकत घेतलेली आणि देणगीची बेरीज वेगवेगळी ठेवा. वाचकांची आवड विकत घेतलेल्या पुस्तकांतून कळते.

दुसरा घोटाळा क्रमांकांचा. साठ्याची मोजदाद झाल्यावर काही वाचनालयांनी पुन्हा १ पासून क्रमांक दिलेले असतात. तेव्हा पुस्तकावरचा क्रमांक कोणत्या मालिकेतला ते कसे ओळखायचे? शिक्क्यावरून. कपाटातली सर्वांत जुनी दिसणारी चाळीस-पन्नास पुस्तके काढा. मुखपृष्ठ गेलेले असले तरी हरकत नाही. वाचनालये शीर्षकपानाखेरीज आत एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात, त्याला 'गुप्त पान' म्हणतात. आपल्या वाचनालयाचे गुप्त पान कोणते ते जुन्या ग्रंथपालांना माहीत असते. नसेल तर दहा पुस्तके चाळा, तोच पानक्रमांक पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक शिक्क्याचा फोटो घ्या आणि एक कागद आखा: शिक्क्याचा आकार (गोल, लंबगोल, चौकोनी), त्यावरची अक्षरे (इंग्रजी, देवनागरी, कन्नड), संस्थेचे नाव, आणि तो शिक्का असलेला सर्वांत लहान व सर्वांत मोठा दाखल क्रमांक. शाईचा रंगही लिहा, जांभळा की निळा. एवढे केले की 'अमुक लायब्ररी' चे 'सार्वजनिक वाचनालय' केव्हा झाले, शिक्क्यावर कन्नड अक्षरे केव्हा आली, हे ठरावांची वही हरवली असली तरी चार-पाच वर्षांच्या फरकाने सांगता येते.

शीर्षकपान फाटलेल्या जुन्या मराठी पुस्तकाची ओळख पटवायला शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची घ्या. पहिला भाग १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा आहे. पानांची संख्या आणि आतल्या प्रकरणांची नावे हाती ठेवून तिच्यात शोधा.

रोजकीर्द कशी वाचावी

ठरावांच्या वहीत लोक चांगले दिसतात. 'सर्वानुमते मंजूर', 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक'. भांडणे तिथे येत नाहीत, आली तर 'साधकबाधक चर्चा होऊन विषय तहकूब' अशी येतात. एकच विषय लागोपाठ तीन सभांना तहकूब झाला असेल तर तिथे पाणी मुरले आहे असे समजा आणि त्याच महिन्यांची रोजकीर्द व हिशेबतपासनिसांचा शेरा काढा.

रोजकीर्दीत खर्चाच्या ओळींवर बोट ठेवून जा. 'रॉकेल' आणि 'काच' (कंदिलाची) या नोंदी जिथे थांबतात आणि 'वीज बिल' सुरू होते, तिथे वाचनालयात वीज आली. 'टपाल हशील' वाढले की बाहेरगावची वर्तमानपत्रे वाढली. 'बाइंडिंग' चा खर्च दरवर्षी एकाच महिन्यात पडत असेल तर मोजदाद त्या महिन्यात होत होती. 'रद्दी विक्री' ची जमा पाहा: किती पडली आणि कोणत्या साली, कारण जुने अंक त्या दिवशी गेले. शिपायाच्या पगाराची ओळ तर सोडूच नका. घरपोच पुस्तके पोचवायला वेगळा माणूस ठेवला असेल तर तो बहुधा बायकांसाठी असतो; ज्या घरांतून स्त्रिया वाचनालयात येत नव्हत्या त्या घरांत पुस्तके अशीच गेली. सभासद रजिस्टरात ती वर्गणी नवऱ्याच्या नावावर पडलेली असते, म्हणून 'त्या काळी स्त्री सभासद नव्हत्या' असे रजिस्टर पाहून लिहू नये.

१ एप्रिल १९५७ पूर्वीचे हिशेब रुपये-आणे-पै असे असतात: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. 'रु. ३-१०-६' म्हणजे ३ रुपये १० आणे ६ पै. आण्याला सव्वासहा पैसे धरले की झाले साधारण ३ रुपये ६६ पैसे. त्यानंतर काही वर्षे 'नये पैसे' असे लिहिलेले दिसते. 'तेव्हाचे चार आणे म्हणजे आजचे किती' असले हिशेब वाचकाला आवडतात, पण ते बहुतेक फसवे निघतात. त्याऐवजी त्याच पानावरच्या दुसऱ्या आकड्याशी तुलना करा: महिन्याची वर्गणी चार आणे आणि शिपायाचा पगार बारा रुपये असेल, तर शिपायाला सभासद व्हायला पगाराचा अठ्ठेचाळिसावा भाग लागला असता. अनामत वेगळी. वाचनालय कोणाला परवडत होते याचे उत्तर वर्गणीपेक्षा अनामतीतच अधिक सापडते.

अनुदानाची फाइल

मुंबई सरकारने १९३९ साली आसफ अली असगर फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली, तिचा अहवाल १९४० मध्ये आला, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास जिल्हा-तालुका वाचनालयांना त्या योजनेखाली अनुदाने मिळू लागली. तुमच्या वाचनालयाला 'तालुका ग्रंथालय' अशी मान्यता होती का, हे १९४७ ते १९५६ च्या फाइलीत शोधा.

पुढे रस्ते फुटले. म्हैसूरचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. महाराष्ट्रात लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान द्यायची पद्धत ठरली. म्हैसूरच्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला आणि त्यातून सरकारी ग्रंथालये उभी केली. त्यामुळे जे वाचनालय महाराष्ट्राच्या बाजूला कागल किंवा गडहिंग्लजला असते तर वर्गात बसले असते, ते निपाणी-संकेश्वरला वर्गणी, देणगी आणि दुकानगाळ्यांच्या भाड्यावर चालत राहिले. १९५५ ते १९७० या पंधरा वर्षांची जमा बाजू ओळीने मांडा, अनुदान एकीकडे आणि वर्गणी, देणगी, भाडे दुसरीकडे. तुमच्या पुस्तिकेतला हा सर्वांत मोलाचा तक्ता ठरेल. त्यावर भाष्य दोन वाक्यांचे पुरे. सीमाप्रश्नाचा सगळा इतिहास इथे उगाळू नये. मात्र त्या काळातल्या सभांचे, निषेधाचे किंवा बंदचे ठराव वहीत असतील तर ते गाळूही नयेत.

बाहेरचे कागद

जागेसाठी सिटी सर्व्हेचा उतारा (सीटीएस) काढा. बक्षीसपत्र, भाडेपट्टा किंवा खरेदीखत सब-रजिस्ट्रार कचेरीत असते. तिथे इंडेक्स १ माणसांच्या नावाने, इंडेक्स २ मिळकतीने आणि इंडेक्स ३ मृत्युपत्रांचा. देणगीदाराने मृत्युपत्रात वाचनालयाला काही ठेवले होते अशी गावात बोलवा असेल तर इंडेक्स ३ पाहायला सांगा. नुसते 'जुने कागद द्या' म्हटले तर कारकून हात झटकतो. निदान पाच वर्षांचा टप्पा सांगावा लागतो.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली बेळगाव भागातल्या अनेक संस्थांची नोंद झाली, कारण तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यातच होता. त्या अर्जात संस्थेची स्थापना, विश्वस्त, स्थावर-जंगम मालमत्ता असे सगळे भरून द्यावे लागे, आणि ते नंतरच्या स्मरणिकेपेक्षा विश्वासाचे, कारण खोटे लिहिले तर अंगाशी येण्याची भीती होती. त्याची प्रत घरात नसेल तर माहिती अधिकारात मागा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. चार प्रश्न असतील तर चार अर्ज करा. एकाच अर्जात कोंबले की तो परत येतो.

१९५६ पूर्वीच्या शिक्षण खात्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, संस्थानी कोल्हापूरचे कोल्हापुरात. नंतरच्यांसाठी बेंगळूरचे राज्य पुराभिलेखागार आणि त्याचे धारवाडचे विभागीय कार्यालय. जाण्याआधी पत्र पाठवा आणि संस्थेच्या लेटरहेडवर ओळखपत्र न्या.

वर्तमानपत्रांत 'बेळगाव समाचार', १९१९ पासूनचा 'तरुण भारत', पुण्याचा 'केसरी'. सगळे अंक चाळणे अशक्य आहे. ठरावांच्या वहीतून वार्षिक सभा, उद्घाटन, व्याख्यानमाला यांच्या तारखा काढा आणि प्रत्येक तारखेनंतरचे आठ दिवसांचे अंक पाहा. अभिप्राय वहीतल्या तारीख नसलेल्या सह्यांसाठी मराठी साहित्य संमेलनांची साले उपयोगी पडतात: बेळगाव १९२९, १९४६ आणि २०००, कारवार १९५१. संमेलनाला आलेले साहित्यिक आसपासच्या गावांत जाऊन भाषणे देत. अर्थात हा निव्वळ धागा आहे, पुरावा नव्हे. सहीची तारीख वर्तमानपत्रातून पक्की करा.

माणसांशी बोलताना

आठ-दहा जण पुरेत, पण सगळे माजी अध्यक्ष नकोत. जुना शिपाई, पुस्तके बांधणारा बाइंडर, वर्तमानपत्र टाकणारा, दुपारी नियमित येऊन बसणारा वाचक, घरपोच पुस्तके घेणाऱ्या आजी. मुलाखत तासाभराची, आवाज रेकॉर्ड करायची परवानगी आधी घ्या आणि ती रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या.

'वाचनालयाबद्दल काही सांगा' असे विचारले की भाषण सुरू होते. हातात वस्तू द्या: जुना फोटो, जुने सभासदकार्ड, शिक्का असलेले पुस्तक. टेबल कुठे होते, पंखा होता का, चपला कुठे काढायच्या, दंड किती, ओरडायचे कोण, असे विचारा. साल कोणालाच आठवत नाही, म्हणून गावाच्या खुणा द्या: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात वाचनालय कुठल्या जागेत होते, निपाणीकडे १९८१ चे तंबाखू आंदोलन झाले तेव्हा ग्रंथपाल कोण. 'आणीबाणीत कोणती वर्तमानपत्रे येत होती?' या प्रश्नाला उत्तरे चांगली येतात.

सांगितलेले आणि कागदावरचे जुळले नाही तर कागद खरा असे लगेच धरू नका. वहीत 'दुपारी ४ ते ८' असेल, पण शिपाई सांगेल की पाचशिवाय कुलूप निघतच नव्हते.

लिहिताना

तीस-चाळीस पानांची पुस्तिका पुरे. अध्यक्ष-चिटणिसांची यादी शेवटी बारीक टाइपात द्या, सुरुवातीला नको. जागा, पैसा, पुस्तके, वाचक या चार धाग्यांवर मजकूर बांधा आणि ज्या धाग्याचे कागद जास्त सापडले तो लांबवा. सगळ्यांना सारखी पाने देण्याचा हट्ट नको. प्रत्येक विधानाशेजारी कच्च्या प्रतीत कंसात वहीचे नाव व पान लिहा, छापताना काढायचे तर काढा. थकबाकीदार किंवा पुस्तके बुडवणाऱ्यांची नावे छापू नका, त्यांची नातवंडे आजचे सभासद आहेत. जुन्या ठरावातला उतारा द्याल तर त्याची भाषा सुधारू नका. 'लायब्ररी' ला 'ग्रंथालय' करू नका, 'बेळगांव' वरचा अनुस्वार काढू नका. २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी आहे, तेव्हा ज्या कागदात जे नाव असेल ते तसेच ठेवा.

मुद्रितशोधन दोघांनी करावे, एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ वहीत आकडे ताडावेत. चुका नावांपेक्षा आकड्यांत जास्त होतात, विशेषतः देवनागरी १ आणि ९, ५ आणि ६.

छापून झाले की १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवा. फोटोंची हार्ड डिस्क कपाटात ठेवून तिचीही जडसंग्रह नोंदवहीत नोंद करा. आणि पुस्तिकेची एक प्रत स्वतःच्या दाखल नोंदवहीत चढवा: क्रमांक, तारीख, किंमत, शीर्षकपानावर शिक्का, गुप्त पानावर शिक्का.